गरोदर पेशंट, अंगावर पुरळ, एनएस-१ निगेटिव्ह: झिकासाठी नमुना कोणता, कधी आणि कसा पाठवायचा?

जुळे_सोलापूर_पॅथ

नमस्कार मंडळी. एका मॅटर्निटी होममधून आलेल्या केसबद्दल विचारायचं आहे. पहिलटकरीण, बारावा आठवडा. दोन दिवस अंग कोमट, ताप शंभराच्या वर गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापासून पोटापर्यंत बारीक लाल पुरळ आणि प्रचंड खाज. डोळे लाल आहेत, पण चिकटत नाहीत, पू नाही. बोटांची पेरं आणि मनगटं दुखतात. आजारपणाचा आज सहावा दिवस.

प्लेटलेट १ लाख ९० हजार, पांढऱ्या पेशी किंचित कमी, मलेरिया निगेटिव्ह. डेंगीचं कार्ड (झटपट चाचणी) लावलं: एनएस-१ (डेंगी विषाणूचं प्रथिन) निगेटिव्ह, आयजीजीची (जुन्या संसर्गाची अँटिबॉडी) रेघ ठळक, आयजीएमची (ताज्या संसर्गाची अँटिबॉडी) रेघ इतकी फिकट की ट्यूबलाइटखाली धरली तर दिसते, नाहीतर नाही. नवरा पुण्यात कामाला, दर शनिवारी घरी येतो.

डॉक्टर म्हणतात "डेंगीच आहे, सौम्य आहे." मला झिकाची शंका येते. प्रश्न असे: कोणत्या ट्यूबमध्ये काय घ्यायचं? बाहेरच्या खासगी लॅबमधून झिका आयजीएम करून घेतलं तर चालेल का? आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर विषय संपला म्हणायचं का?

---

सूक्ष्मदर्शी

शंका रास्त आहे. कमी ताप, खाजणारं पुरळ, पू नसलेले लाल डोळे आणि लहान सांधे ही झिकाची नेहमीची चौकडी. डेंगीत ताप चढा असतो, डोळ्यांच्या मागे ठणकतं, आणि ताप उतरता उतरता प्लेटलेट घसरतात. चिकुनगुनियात सांधे असे धरतात की माणूस भिंतीला धरून चालतो. पण नुसत्या लक्षणांवर कुणीही पैज लावू नये. तिन्ही विषाणू एकाच एडीस डासातून येतात, एकाच मोसमात येतात आणि कधी कधी एकाच पेशंटमध्येही सापडतात. महाराष्ट्रातली पहिली नोंदलेली झिका केस, जुलै २०२१ मधली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरची, तिला झिकाबरोबर चिकुनगुनियाही होता. त्यामुळे डेंगी किंवा चिकुनगुनिया पॉझिटिव्ह आला म्हणून झिका आपोआप बाद होत नाही, हे त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता मुख्य गोष्ट. सहावा दिवस आहे म्हणजे घाई करा, उद्यावर ढकलू नका. रक्तातला झिकाचा आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) साधारण पहिल्या आठवड्यातच सापडतो, लघवीत तो चौदाव्या दिवसापर्यंत मिळू शकतो. म्हणून रक्त आणि लघवी एकाच दिवशी, एकाच फॉर्मबरोबर जायला हवं. नुसती लघवी पाठवू नका, जोडीला सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) हवंच.

रक्त ५ मिली, साध्या लाल झाकणाच्या किंवा जेलच्या पिवळ्या झाकणाच्या व्हायलमध्ये. अर्धा तास उभं ठेवा, नीट गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा. सीरम दोन क्रायोव्हायलमध्ये वाटून घ्या, एक-एक मिली. दोन यासाठी, की एक पीसीआरला (आरएनए शोधणाऱ्या चाचणीला) खर्ची पडली तरी दुसरी अँटिबॉडीसाठी न वितळवता शिल्लक राहते. जमलं तर ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये २-३ मिली अख्खं रक्तही घ्या, कारण त्यात आरएनए सीरमपेक्षा जास्त दिवस टिकतो. हे रक्त फ्रीझ करायचं नाही, फक्त थंड ठेवायचं. फ्रीझ केलं की पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन पीसीआरच्या आड येतं. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची ट्यूब अजिबात नको. हेपॅरिन पीसीआर दाबून टाकतं आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

लघवी १० मिली, निर्जंतुक, स्क्रू झाकणाच्या डबीत. कल्चरसाठी बोरिक ॲसिड घातलेल्या डब्या मिळतात, त्या वापरू नका, कोरी डबी घ्या. झाकणाभोवती पॅराफिल्म गुंडाळा. लघवीची डबी वाटेत गळते आणि फॉर्मवरची शाई पसरते, मग नमुना कुणाचा तेच कळत नाही. फॉर्म वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, बाहेरच्या कप्प्यात.

---

जुळे_सोलापूर_पॅथ

आभारी आहे सर. आमच्याकडे साधा डबल डोअर फ्रिज आहे, उणे सत्तरचं डीप फ्रीझर नाही. नमुना तोवर कुठे ठेवू?

---

सूक्ष्मदर्शी

खालच्या कप्प्यात, २ ते ८ अंशावर, आतल्या बाजूला. दारात ठेवू नका, दार उघडझाप होऊन तिथलं तापमान दहा-बारापर्यंत जातं. ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचणार असेल तर एवढं पुरतं. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० लागतं. घरगुती फ्रॉस्ट-फ्रीचा वरचा बर्फाचा कप्पा ही सगळ्यात वाईट जागा: तो बर्फ साचू नये म्हणून ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो आणि पुन्हा गोठवतो. प्रत्येक फेरीत आरएनए तुटत जातो.

पाठवताना तीन आवरणं. आत व्हायल, तिच्याभोवती शोषक कापूस, मग गळणार नाही असा घट्ट डबा, मग थर्माकोलची पेटी. बर्फाच्या पिशव्या डब्याच्या चारी बाजूंनी, आणि त्या गोठलेल्या हव्यात, नुसत्या गार नकोत. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर आहे, पण पेटी गोडाऊनच्या पत्र्याखाली दुपारभर पडली तर अंतराला काही अर्थ उरत नाही. शुक्रवारी संध्याकाळी नमुना रवाना करू नका, तो सोमवारपर्यंत कुठेतरी बसून राहतो.

आणि परस्पर पुण्याला कुरियर करू नका. आधी महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना फोन, मग सिव्हिलच्या मायक्रोबायोलॉजीशी बोलणं. तिथून पुढे एनआयव्हीला (पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला) नमुना रीतसर जातो. फॉर्ममध्ये आजार सुरू झाल्याची तारीख आणि नमुना घेतल्याची तारीख अशा दोन्ही लिहा. पहिली तारीख नसेल तर तिकडच्या माणसाला निगेटिव्हचा अर्थच लावता येत नाही. शिवाय किती आठवडे (शेवटच्या पाळीवरून आणि सोनोग्राफीवरून, दोन्ही), प्रवास, नवऱ्याचा प्रवास, पूर्वी डेंगी झाला होता का, जपानी मेंदूज्वराची किंवा पीतज्वराची लस घेतली आहे का. आणि वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात "गरोदर".

---

पूर्व_भाग_फॅमिली_डॉक्टर

मला एवढी धावपळ पटत नाही. पेशंट बरी होत आली आहे. झिकावर औषध तर नाहीच. खासगी लॅबमधून आयजीएम करून घ्या, दोन दिवसांत रिपोर्ट हातात. पॉझिटिव्ह आला तर पुढचं बघू.

---

आरएनए_अण्णा

डॉक्टरसाहेब, औषध नाही हे खरं, पण गरोदरपणात प्रश्न औषधाचा नसतो, पुढचे सहा महिने सोनोग्राफी कशी आणि किती वेळा करायची याचा असतो. आणि तो निर्णय आयजीएमवर घेणं आपल्या भागात फार अवघड आहे.

कारण सांगतो. झिका आणि डेंगी दोन्ही एकाच कुळातले, फ्लेविव्हायरस, दोघांच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन बरंचसं सारखं. एका विषाणूविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी दुसऱ्याच्या चाचणीच्या प्लेटलाही चिकटते. आपल्याकडे ज्याच्या रक्तात डेंगीची जुनी आयजीजी नाही असा प्रौढ शोधावा लागेल. या पेशंटचीच आयजीजी रेघ ठळक आहे, म्हणजे डेंगी किंवा त्याच्या कुळातला एखादा विषाणू तिला पूर्वी भेटलेला असण्याची दाट शक्यता. अशा शरीरात झिका शिरला की जुन्या डेंगीच्या अँटिबॉडीज उसळी मारतात. मग झिका आयजीएमही पॉझिटिव्ह, डेंगी आयजीएमही पॉझिटिव्ह, आणि आपण होतो तिथेच. कार्डावरची ती फिकट रेघ याच जातीची असू शकते. कार्डावर तर निर्णय नकोच, डेंगीसाठीसुद्धा एलायझा (लॅबमधली प्लेटवरची चाचणी) करून घ्या.

त्यात भर म्हणजे आयजीएम साधारण बारा आठवडे राहतं, काहींमध्ये त्याहून जास्त. म्हणजे ते खरं असलं तरी संसर्ग गर्भ राहण्याआधीचा की नंतरचा, हे त्यातून कळत नाही.

गोंधळ सोडवायला पीआरएनटी असते: पेशंटचं सीरम पातळ करत करत जिवंत विषाणूत मिसळायचं, पेशींच्या थरावर ओतायचं, आणि विषाणूने पाडलेल्या किती डागांना अटकाव झाला ते मोजायचं. जिवंत विषाणू हाताळावा लागतो म्हणून ती एनआयव्हीसारख्या ठिकाणीच होते, आणि डाग उठायलाच काही दिवस जातात. शिवाय ज्याला आधी डेंगी होऊन गेला आहे त्याच्यात पीआरएनटीचे झिका आणि डेंगी असे दोन्ही आकडे वर गेलेले सापडतात, तेव्हा तीही ठाम उत्तर देत नाही. पीसीआर मात्र थेट विषाणूचा आरएनए शोधते, जुन्या डेंगीशी तिला देणंघेणं नाही. म्हणूनच मुदत टळायच्या आत ती करून घ्यायची. आयजीएम आठवड्याने, महिन्यानेही करता येईल. सातव्या दिवसाचं सीरम पुन्हा मिळणार नाही.

---

पूर्व_भाग_फॅमिली_डॉक्टर

मुद्दा मान्य. पण मग आयजीएमचा उपयोगच नाही असं म्हणायचं का? निगेटिव्ह आलं तर?

---

आरएनए_अण्णा

उपयोग आहे, आणि तो निगेटिव्हलाच आहे. आजार होऊन दोन ते बारा आठवडे झालेत आणि झिका आयजीएम चांगल्या एलायझावर निगेटिव्ह आहे, तर नुकता झिका झाला असण्याची शक्यता बरीच कमी होते. सहाव्या दिवशीच्या निगेटिव्हला तसा अर्थ नाही, कारण आयजीएम तेव्हा कुठे वर यायला लागलेलं असतं. म्हणून आजचं एक सीरम जपून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरं घ्या. दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावली तरच तुलना खरी. वेगवेगळ्या लॅबचे दोन आकडे शेजारी ठेवून "वाढलं" म्हणू नका.

पीसीआरमध्ये काय बिघडतं तेही लिहितो, कारण पुण्यात २०२४ मध्ये झिकाच्या केसेस आल्यापासून तिहेरी किट, म्हणजे डेंगी-चिकुनगुनिया-झिका एकत्र, बऱ्याच जणांच्या कानावर आहेत. कॉलमच्या नेहमीच्या एक्स्ट्रॅक्शनमध्ये (नमुन्यातून आरएनए वेगळा काढताना) १४० मायक्रोलिटर नमुन्याला ५६० मायक्रोलिटर लायसिस बफर (विषाणू फोडणारं द्रावण), आणि त्या बफरमध्ये कॅरियर आरएनए (सोबतीला घातलेला आरएनए) मिसळलेला असायलाच हवा. झिकाचा विषाणू रक्तात मुळात कमी असतो, डेंगीइतका नसतो. कॅरियर राहून गेला की असलेला थोडासा आरएनए कॉलमला नीट धरला जात नाही आणि कमकुवत पॉझिटिव्ह निगेटिव्ह होऊन बसतो.

लघवीत क्षार आणि युरियामुळे एन्झाइम दबतं. म्हणून अंतर्गत कंट्रोलचा (चाचणी नीट चालली की नाही हे दाखवणारा) ग्राफ आधी बघायचा. सीरममध्ये मानवी आरनेज-पी जनुक दिसतं, पण लघवीत पेशी कमी असतात, ते उशिरा येतं किंवा येतच नाही. त्यामुळे बाहेरून घातलेला कंट्रोल असलेलं किट बरं. कंट्रोल आला नाही तर तो निकाल "निगेटिव्ह" नव्हे, "अवैध". काढलेला आरएनए १:१० पातळ करून पुन्हा लावला की पुष्कळदा कंट्रोल उठतो.

उलट बाजूने, ४५ सायकलच्या (फेऱ्यांच्या) टेस्टमध्ये ३८ व्या सायकलच्या पुढे, एकट्या झिकाच्या चॅनेलला, शेपूट उचलल्यासारखा ग्राफ आला तर लगेच फोन फिरवू नका. मर्यादा किटच्या पत्रकात दिलेली असते, ती पाळा. त्याच नमुन्यातून नव्याने आरएनए काढून पुन्हा लावा. जुनाच काढलेला आरएनए पुन्हा लावला आणि दूषितपणा तिथेच असेल, तर चूकच दुसऱ्यांदा सिद्ध होते. गरोदर बाईच्या बाबतीत हे दुसरं एक्स्ट्रॅक्शन सक्तीचं समजा. नुसत्या पाण्याचा कंट्रोल स्वच्छ आहे ना, तेही बघा. पॉझिटिव्ह कंट्रोलची नळी त्याच खोलीत उघडली असेल तर सगळ्यात आधी संशय तिच्यावर.

---

प्रसूती_ताई

लॅबचं लॅबवाल्यांनी सांगितलं, मी पुढचं सांगते, कारण पेशंट तुम्हाला हेच विचारणार आहे.

आज: ताप-वेदनेला फक्त पॅरासिटामॉल. डेंगी पक्का बाद होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. डेंगी असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि हिमॅटोक्रिट रोज, ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस तरी.

झिका पॉझिटिव्ह आला तर पहिलं वाक्य नीट निवडा. पॉझिटिव्ह म्हणजे बाळात दोष आहे, असं नव्हे. गरोदरपणात खात्रीने झिका झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के बाळांत झिकाशी जोडलेले दोष आढळले आहेत, आणि पहिल्या तिमाहीत धोका जास्त. म्हणजे बहुतेक बाळं निरोगी दिसतात. ही पेशंट बाराव्या आठवड्यात आहे, म्हणून काळजी खरी, पण घाबरून गर्भपाताची चिट्ठी मागायला लावू नका.

सोनोग्राफी दर तीन ते चार आठवड्यांनी, शक्यतो एकाच सोनोलॉजिस्टकडे. आत्ताची सोनोग्राफी व्यवस्थित आली तर तिच्यावर विसंबू नका, डोक्याची वाढ मागे पडलेली दिसायला कित्येक आठवडे जातात. अठरा ते बावीस आठवड्यांचा ॲनॉमली स्कॅन (बाळातले दोष शोधणारी सोनोग्राफी) तर हवाच, पण तिथेही थांबू नका. काही दोष त्यानंतर दिसतात. फॉर्मवर फक्त "रुटीन" लिहू नका. "झिकाची शंका: डोक्याचा घेर, मेंदूतली कॅल्सिफिकेशन, व्हेंट्रिकलची रुंदी बघावी" असं स्पष्ट लिहा. झिकातली कॅल्सिफिकेशन (चुन्याचे साठे) विशेषतः मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर असतात, ती मुद्दाम शोधावी लागतात.

गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासण्याची घाई नको. पंधरा आठवड्यांच्या आत ते करतच नाहीत, आणि संसर्गानंतर पुरेसा काळ गेला नसेल तर विषाणू पाण्यात उतरलेलाच नसतो. निगेटिव्ह आलं तरी बाळ सुटलं असा त्याचा अर्थ होत नाही. मोठा दोष दिसलाच तर गर्भपाताचा कायदा २०२१ च्या दुरुस्तीनंतर असा आहे, की गर्भातल्या गंभीर विकृतीसाठी २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने मार्ग मोकळा आहे. त्यामुळे वीस आठवड्यांच्या आत घाईघाईने काही ठरवायचं दडपण कुणी टाकू नये.

बाळंतपणानंतर बाळाचं रक्त आणि लघवी पहिल्या दोन दिवसांत. नाळेचं रक्त सोपं मिळतं, पण त्यात आईचं रक्त मिसळतं आणि निकाल फसवा येतो, म्हणून बाळाच्या शिरेतूनच घ्या. डोक्याचा घेर चोवीस तासांनी, न ताणणाऱ्या टेपने, भुवयांच्या वरून मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून, तीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा धरायचा. पूर्ण दिवसांच्या बाळात मुलगा ३१.९ आणि मुलगी ३१.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर पुढची तपासणी. घेर ठीक असला तरी डोळ्यांचा पडदा आणि ऐकणं तपासून घ्या.

नवऱ्याबद्दल कुणी बोललंच नाही. झिका वीर्यातूनही पसरतो. लागण झालेल्यांपैकी साधारण पाचातले चार जण आजारीच पडत नाहीत, म्हणजे त्याला काही झालं नाही म्हणून तो सुटत नाही. या बाळंतपणापर्यंत निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचे. हे तिच्यासमोर नको वाटत असेल तर त्याला वेगळं बोलावून सांगा, पण सांगाच.

---

कोरडा_दिवस

हिवताप विभागाच्या बाजूने थोडंसं. रिपोर्टची वाट बघत बसू नका, संशयित केस कळवली की घरभेट होते. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे घरोघरी पिंप, हौद, रांजण भरून ठेवलेले असतात. एडीसला आणखी काय हवं? नुसतं पाणी ओतून पिंप परत भरलं तर उपयोग नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या कडेला काळ्या कणांसारखी चिकटलेली असतात आणि कोरडी राहून कित्येक महिने जगतात. ती काथ्याने खरवडून काढावी लागतात, मग पिंप उन्हात पालथं. हा डास दिवसा चावतो, म्हणून पेशंटला मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही लावायला सांगा. आजाराच्या पहिल्या आठवड्यात तिला चावलेला डास पुढे शेजारच्या गरोदर बाईला चावू शकतो.

---

जुळे_सोलापूर_पॅथ

सगळं लिहून घेतलं. सीरमच्या दोन व्हायल, ईडीटीए आणि लघवी आजच घेतली, सिव्हिलला फोन झाला आहे, पेटी उद्या सकाळी जाईल. एकच राहिलं: सीरम निगेटिव्ह आणि लघवी पॉझिटिव्ह आली तर काय समजायचं?

---

आरएनए_अण्णा

पॉझिटिव्हच समजायचं, दुसऱ्या एक्स्ट्रॅक्शनवरही आली तर. सहाव्या दिवशी असं होणं अगदी साहजिक आहे. दोन्ही निगेटिव्ह आली तर "झिका नाही" असं लिहू नका. "या नमुन्यात आरएनए आढळला नाही, आजाराचा सहावा दिवस" असं लिहा आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरं सीरम मागवा. तोवर ताईंनी सांगितलेली सोनोग्राफी थांबवायची नाही.